रोजची भाजी आणि तिच्यातील सत्त्व

कोल्हापूर जिल्ह्याला भाजीपाल्याची उणीव नाही. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची कसदार जमीन, शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील बागायत, उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून घेतली जाणारी कोथिंबीर, मेथी आणि कांदा यांमुळे शहरातील कपिलतीर्थ मंडई किंवा लक्ष्मीपुरीचा बाजार वर्षाचे बारा महिने हिरवागार असतो. पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या डोंगराळ तालुक्यांत पहिला पाऊस पडला, की टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या बांधावर आणि माळावर आपोआप उगवतात. पोकळा, चाकवत, शेपू, अंबाडी, करडई, हरभऱ्याचा पाला अशी पालेभाज्यांची मोठी नामावळी येथील कोणतीही गृहिणी सहज सांगू शकेल.

असे असूनही रक्तक्षयाचा प्रश्न आपल्या राज्यातून हटलेला नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वरचेवर येणारी बाळंतपणे, अपुरा आहार, वारंवार होणारी दुखणी ही त्यांपैकी काही होत. भाजी नीट शिजविली म्हणजे हा प्रश्न सुटेल, असे कोणी समजू नये. आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा भाजीने भरून निघेल, असेही समजू नये. परंतु बाजारातून पैसे मोजून आणलेल्या भाजीतील सत्त्वाचा मोठा हिस्सा टोपलीपासून ताटापर्यंतच्या प्रवासात वाया जातो, ही गोष्ट खरी आहे. तो वाचविण्यास जादा खर्च लागत नाही. किंबहुना थोडे इंधन वाचतेच. म्हणूनच ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडीच्या कामाशी संबंधित असलेल्या सर्वांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

सत्त्व जाते कोठे?

भाजीतील पोषक द्रव्ये सर्व एका स्वभावाची नसतात. क जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल आणि ब गटातील इतर जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. क जीवनसत्त्व तर उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूनेही नष्ट होते. याउलट पालेभाज्या, गाजर, तांबडा भोपळा यांत असणारे बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते पाण्यात विरघळत नाही. ते तेला-तुपात विरघळते. लोह आणि कॅल्शियम ही खनिजे उष्णतेने नष्ट होत नाहीत, पण शिजविलेले पाणी ओतून दिले, तर त्याबरोबर काही प्रमाणात वाहून जातात. एवढे तीन भेद ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व सूचनांचे कारण उलगडते.

नुकसान केवळ चुलीवरच न होता चिरताना आणि धुतानाही होते. भाजी चिरली, की तिच्या पेशी फुटतात, आतील रस बाहेर येतो आणि त्याच पेशींतील एक विकर क जीवनसत्त्वाचा नाश करू लागते. चिरलेली भाजी पाण्यात घातली, तर रसाबरोबर जीवनसत्त्वेही पाण्यात उतरतात. तेव्हा भाजी निवडावी, भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा स्वच्छ धुवावी, निथळू द्यावी आणि मगच विळीवर धरावी. पावसाळ्यात पालेभाजीच्या मुळाशी चिखल असतो आणि पानांवर फवारणीचा अंश राहिलेला असू शकतो, म्हणून धुण्यात कसूर करू नये. मात्र ते चिरण्यापूर्वीच व्हावे. बटाटे काळे पडू नयेत म्हणून चिरून पाण्यात टाकून ठेवण्याची रीत आहे. ते पाणी रस्स्यात वापरले तर ठीक. फेकले तर तोटा.

फोडी जितक्या बारीक, तितका हवेचा आणि पाण्याचा संपर्क अधिक. पाहुण्यांसाठी भाजी बारीक चिरण्यात सुगरणपणा मानला जातो. रोजच्या जेवणाला थोड्या मोठ्या फोडी अधिक हितकारक होत. सकाळी घाई होते म्हणून आदल्या रात्री भाजी चिरून ठेवण्याची पद्धत नोकरदार घरांत आणि मोठ्या भटारखान्यांत रूढ झाली आहे. रात्री भाजी निवडून, धुवून, कोरडी करून ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवण्यास हरकत नाही; चिरण्याचे काम मात्र सकाळसाठी राखावे.

झाकणावरचे पाणी

आपल्याकडील जुन्या गृहिणींची एक रीत शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरते. फोडणीत भाजी परतायची, वर खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पाणी ठेवायचे. ताटलीतील पाण्यामुळे झाकण तुलनेने थंड राहते, भाजीची वाफ त्याच्या आतल्या बाजूस लागून पुन्हा थेंबरूपाने भाजीवर पडते आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. वरून पाणी लागलेच, तर ताटलीतील गरम झालेले पाणी हाताशी असते. गार पाणी घातल्याने शिजण्यात जो खंड पडतो, तोही पडत नाही. या एका रीतीत पाणी कमी, वेळ कमी आणि हवेचा संपर्क कमी हे तिन्ही लाभ एकत्र येतात. दोडका, दुधी, पडवळ, कोबी, मेथी यांना ही रीत उत्तम लागू पडते.

याच्या उलट टोकाला भाजी भरपूर पाण्यात उकळून, पाणी काढून टाकून नंतर फोडणी देण्याची पद्धत आहे. अशा उकळण्यात पालेभाजीतील क जीवनसत्त्वापैकी अर्धे किंवा त्याहूनही अधिक गमावले जाऊ शकते आणि फॉलिक आम्लाचीही तीच गत होते. गर्भवती स्त्रीला फॉलिक आम्ल किती आवश्यक असते, हे आरोग्यसेविका सांगतातच. भाजी उकडायचीच असेल, तर पाण्याला आधी उकळी आणून मग तीत भाजी घालावी. भाजी गार पाण्यात घालून चुलीवर ठेवली, तर पाणी तापेपर्यंतच्या कोमट अवस्थेत वर सांगितलेले विकर जोमाने काम करीत राहते. उकळत्या पाण्यात ते लगेच निकामी होते. उरलेले पाणी आमटीत, रस्स्यात किंवा भाकरीच्या पिठात जिरवावे. प्रेशर कुकरबद्दल काही ठिकाणी अकारण शंका घेतली जाते. कुकरमध्ये उष्णता जास्त असली, तरी वेळ थोडा लागतो, हवा आत येत नाही आणि पाणीही बेताचे लागते. त्यामुळे शिट्ट्या मोजून वापरल्यास तो उपकारकच आहे. भाजीचा लगदा होईपर्यंत शिट्ट्या देणे हा कुकरचा दोष नव्हे.

झाकण ठेवल्याने पालेभाजीचा रंग मळकट होतो, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे. पाल्यातील सेंद्रिय आम्ले वाफेबरोबर बाहेर न पडता भांड्यातच राहतात आणि त्यांच्यामुळे हरितद्रव्याचा रंग बदलतो. यात पोषणाची फारशी हानी नाही. मात्र रंग टिकविण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची जी सवय खानावळींत आणि लग्नकार्यांत दिसते, ती सोडावी. सोड्याने भाजी हिरवी दिसते आणि लवकर मऊ होते, परंतु त्यातील क जीवनसत्त्व आणि ब१ जीवनसत्त्व यांचा नाश होतो. हरभरा किंवा वाटाणा शिजविताना घातलेल्या सोड्यालाही हेच लागू आहे. रात्रभर भिजत घालणे हा त्याला सरळ पर्याय आहे.

शिजविलेली भाजी वारंवार गरम करणे हेही टाळावयास हवे. चुलीवर मंद आचेवर तासन् तास ठेवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही.

तेल किती, आंबट केव्हा?

आजकाल तेलाविषयी सरसकट भीती घातली जाते. अतिरेक वाईट, यात शंका नाही. तर्रीचा जाड थर असलेला रस्सा हा रोजचा आहार होऊ शकत नाही. परंतु अजिबात तेल नसलेली उकडलेली पालेभाजी खाणाऱ्याला तिच्यातील बीटा-कॅरोटीनचा लाभ फारच थोडा होतो. त्या जेवणात माणशी चमचाभर तेल किंवा तूप असले, तरी त्याचे शोषण चांगले सुधारते. शिवाय शिजविल्याने पेशींच्या भिंती सैल होऊन आतील कॅरोटीन मोकळे होते. म्हणजे क जीवनसत्त्वाच्या दृष्टीने कच्चे बरे आणि कॅरोटीनच्या दृष्टीने शिजविलेले बरे, असा हा पेच आहे. आपल्या जेवणाच्या परंपरेने तो कधीच सोडविला आहे: ताटात शिजविलेली भाजी असते आणि डाव्या बाजूला कोशिंबीर, मुळ्याचा चकत्या, कांदा किंवा मेथीचा घोळाणा असतो. कोवळी मेथी किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरून कांदा, चटणी, मीठ आणि वर कच्चे शेंगदाण्याचे तेल घालून केलेला घोळाणा भाकरीबरोबर खाणाऱ्या शेतकऱ्याला आहारशास्त्राने फारसे काही नवीन शिकवावयाचे उरत नाही. टोमॅटोचा तांबडा रंग ज्या लायकोपीनमुळे असतो, तेही तेलात शिजविल्यानेच शरीराला अधिक मिळते.

अ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा आणि पुढे येणारे अंधत्व टाळण्यासाठी केंद्र शासनाने १९७० साली बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. डोस घ्यावयाचेच आहेत. परंतु घरातील भाजीनेही त्याला साथ द्यावी, ही अपेक्षा गैर नाही.

लोहाचे गणित याहून अवघड आहे. वनस्पतीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. धान्ये व कडधान्ये यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला अडवून धरतात. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर मात्र हा अडथळा बराच दूर होतो. म्हणून पालेभाजी किंवा उसळ यांबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्ची कोथिंबीर असावी. लिंबू कढईत पिळू नये. भांडे खाली उतरविल्यावर किंवा ताटात पिळावे. उकळत्या रस्स्यात पिळलेल्या लिंबाचा आंबटपणा राहतो, जीवनसत्त्व राहत नाही. चिंच, आमसूल आणि टोमॅटो यांचेही एक ध्यानात ठेवावे. आंबट पदार्थ आधी घातला, तर कडधान्य आणि भाजी लवकर शिजत नाही आणि तेवढे इंधन आणि तेवढी जीवनसत्त्वे खर्ची पडतात. आंबट शेवटी घालण्याची रीत त्यामुळेच योग्य ठरते.

जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा पिण्याची सवय आपल्या शहरांत आणि आता खेड्यांतही पक्की झाली आहे. त्या चहामुळे जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्या गर्भवती स्त्रियांना तर हे आवर्जून सांगावयास हवे. गोळी घेऊनही रक्त का वाढत नाही, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा कपबशीत सापडेल.

लसूण आणि कांदा यांच्याविषयी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष कोल्हापूरकरांना सुखावणारा आहे. धान्ये आणि कडधान्ये यांच्याबरोबर कांदा किंवा लसूण असल्यास त्यांतील लोह आणि जस्त शोषणासाठी अधिक प्रमाणात मोकळे होते, असे प्रयोगशाळेत पचनक्रियेचा नमुना तयार करून केलेल्या परीक्षणात दिसून आले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाच्या पोटाला लावता येत नाही, हे खरे. तथापि कांदा-लसूण मसाल्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही, त्यांना आपली चव अगदीच वाट चुकलेली नाही, एवढे समाधान मानावयास हरकत नसावी. मसाल्यातील मीठ मात्र मोजून खावे. खर्डा, लोणचे, पापड आणि मसाला या सर्वांतील मीठ धरून माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

भांड्यांचा विचार

पितळी पातेल्याला वेळच्या वेळी कल्हई लावून घेण्याची पूर्वी दक्षता घेतली जाई. आंबट पदार्थ कळकू नये, हे तिचे उघड कारण होते. दुसरे कारण असे, की तांब्याचा अंशही क जीवनसत्त्वाचा नाश फार वेगाने घडवून आणतो. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी हा प्रश्न बहुतेक घरांतून मिटविला, परंतु त्याबरोबर लोखंडी कढई आणि बिडाचा तवाही मागे पडला, हे मात्र नुकसानीचे झाले. लोखंडी भांड्यात शिजविलेल्या पदार्थात लोहाचा अंश उतरतो. पदार्थ ओला आणि आंबट असेल, तर तो अधिक उतरतो. इथिओपियात लहान मुलांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचे आढळले. ओतकामासाठी देशभर नाव असलेल्या कोल्हापुरात बिडाची कढई दुर्मिळ असण्याचे कारण नाही. पालेभाजी, झुणका, भरली वांगी यांसाठी ती वापरावी. पदार्थ शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा आणि कढई धुवून, कोरडी करून, तेलाचा हात लावून ठेवावी. आंबट भाजी तीत रात्रभर ठेवली, तर ती काळी पडते आणि चवही बिघडते.

पाणी कधी फेकावे?

शिजविलेले पाणी फेकू नये हा नियम सरसकट नाही, आणि उत्साहाच्या भरात तसा प्रचारही होऊ नये. टाकळा, भारंगी यांसारख्या कडवट रानभाज्या उकडून, पिळून घेण्याची पश्चिमेकडील तालुक्यांतील रीत सोडू नये. त्यात काही जीवनसत्त्वे जातात, हे मान्य. परंतु कडू आणि अपायकारक द्रव्येही जातात आणि भाजी खाण्यायोग्य होते. पालक, चाकवत आणि अळू यांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालकात कागदोपत्री दिसणारे सर्व कॅल्शियम शरीराला मिळत नाही. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी या भाज्या बेतानेच खाव्यात आणि खाल्ल्यास उकडून पाणी टाकून खाव्यात. अळूच्या पानांतील ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवितात; ते पान नीट शिजविणे आणि त्यात चिंच घालणे ही केवळ चवीची बाब नाही. चाकवताची भाजी आपल्याकडे ताकात करतात. ताकातील कॅल्शियम बरेचसे ऑक्झॅलिक आम्ल पोटातच बांधून टाकते, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते. ज्या कोणी प्रथम चाकवतात ताक घातले, त्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक असावा.

घेवड्याचे दाणे, राजमा यांसारखी कडधान्ये अर्धवट शिजलेली खाऊ नयेत. त्यांतील काही द्रव्ये पचनाला बाधक असतात आणि ती चांगली उकळी आल्यावरच नष्ट होतात. ही कडधान्ये भिजविलेले पाणी फेकून देऊन नव्या पाण्यात शिजविणेच योग्य.

रानभाज्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी घ्यावी. जी वनस्पती खात्रीने ओळखता येते, तीच खुडावी. गावातील वयस्कर स्त्रियांना ही ओळख असते. शाळेने पावसाळ्यात त्यांना एक दिवस बोलावून मुलांना पाने दाखविली, तर परिसर अभ्यासाचा तो उत्तम तास ठरेल.

टाकून दिले जाणारे धन

फ्लॉवरचा गड्डा घेताना त्याची पाने दुकानातच तोडून टाकली जातात. वास्तविक त्या पानांत गड्ड्यापेक्षा कॅल्शियम आणि लोह कितीतरी अधिक असते. मुळ्याचा, बीटचा आणि नवलकोलाचा पाला यांचीही तीच कथा. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत किंवा चटणीत जाऊ शकतात. दोडक्याच्या शिरांची तीळ किंवा शेंगदाणे घालून केलेली चटणी ही तर आपल्या घरांतील जुनी आणि चविष्ट गोष्ट. दुधी भोपळ्याच्या सालीचीही तशीच होते. बटाटा सालासकट उकडून मग सोलला, तर त्याचे सत्त्व सालीच्या आतच राहते.

या यादीत शेवग्याच्या पाल्याला वेगळे स्थान द्यावे लागेल. दारचा शेवगा शेंगांसाठी लावला जातो आणि पाला शेळीला घातला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह, १०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व आणि सुमारे साडेसतरा हजार मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. पोकळ्याचा पालाही यात फार मागे नाही. याच संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीने दिवसाला पालेभाज्या धरून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत, असे सुचविले आहे. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला एवढी भाजी विकत घेणे परवडत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण दारचा शेवगा, न्हाणीच्या पाण्यावरचा अळू आणि परसातला पोकळा यांना पैसे पडत नाहीत.

अन्नातील घटकांचा असा शास्त्रीय शोध घेण्यात महाराष्ट्राच्या एका कन्येचाही मोठा वाटा आहे. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट १९३९ साली संपादन करणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांनी बटाट्याच्या पेशींत श्वसनक्रियेला आवश्यक असणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवून दिले होते. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. सामान्य माणसाच्या ताटातील पदार्थ हा त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय होता, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

मिसळ आणि मोड

कोल्हापूर आणि मिसळ यांची फारकत करता येत नाही, तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मिसळीचा पाया मोड आलेली मटकी हा आहे. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते. ती रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, की ते नव्याने तयार होते, आणि लोहाला अडविणारे फायटेटही कमी होते. ही मटकी कटात घालून तासभर उकळली, तर मिळविलेले पुन्हा गमावले जाते. मटकी वेगळी, झाकणाखाली, बेताने शिजवून घ्यावी आणि वाढताना तीवर कट घालावा. वर येणारा कच्चा कांदा आणि लिंबाची फोड या शोभेच्या वस्तू नाहीत. मटकीतील लोह अंगी लागण्यास त्यांचीच मदत होते. मिसळीनंतरचा चहा मात्र थोडा लांबवावा, हे वर आलेच आहे.

शाळेचे आणि वसतिगृहाचे स्वयंपाकघर

१९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आश्रय दिला आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. कोल्हापुरात शेकडो मुलांचा स्वयंपाक एका चुलीवर करण्याचा अनुभव त्यामुळे जुना आहे. मोठ्या स्वयंपाकाच्या अडचणी घरापेक्षा निराळ्या असतात. भाजी फार आधी चिरावी लागते, मोठ्या पातेल्यात तळची भाजी करपते म्हणून पाणी वाढविले जाते, आणि शिजलेले अन्न पंगत बसेपर्यंत तास-दोन तास झाकून ठेवावे लागते.

शाळांमध्ये मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. या योजनेच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल दिले जावे, अशी अपेक्षा आहे. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला म्हणजे रोज ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी हे तेल पुरेसे आहे. प्रश्न त्या ५ किलोत काय असते, याचा आहे. ती सर्वच्या सर्व बटाटा आणि कांदा असेल, तर नियम पाळला जाईल, पण हेतू साधणार नाही. त्यांतील एक किलो शेवग्याचा पाला किंवा पोकळा ठेवला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला १० ग्रॅम पाला येतो. शेवग्याचा असल्यास त्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि शिजविण्यापूर्वीच्या हिशेबाने पावणेदोन हजार मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळते. शरीर त्यातील थोड्याच भागाचे अ जीवनसत्त्व करते. तरीही रोजच्या रोज मिळणारी ही भर बटाट्यातून येणारी नाही.

हा पाला खिचडीत आरंभी घालू नये. डाळ-तांदूळ शिजत आले, म्हणजे धुवून चिरलेला पाला वरून घालावा, ढवळून झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटांत भांडे उतरवावे. लिंबाचा रस वाढण्याच्या वेळी मिसळावा. भाजी स्वयंपाकाच्या अर्धा तास आधीच चिरली जाईल, असे वेळापत्रक मुख्याध्यापकांनी स्वयंपाकी व मदतनीस यांच्याशी बोलून ठरवावे. दोनच बायकांनी ५ किलो भाजी अर्ध्या तासात निवडून चिरावी, असे फर्मान काढून मात्र काही साधणार नाही. निवडणे आदल्या दिवशी, धुणे आणि चिरणे त्या दिवशी अशी कामाची वाटणी करावी लागेल. चांगली विळी, मोठी चाळणी आणि घट्ट बसणारी झाकणे या तीन वस्तूंसाठी ग्रामपंचायतीने थोडी तरतूद केली, तर ती सत्कारणी लागेल. शाळेची परसबाग असल्यास तिच्या कडेने शेवग्याच्या फांद्या रोवाव्यात आणि झाड वाढू न देता छाटत राहावे. हाताच्या उंचीवर वर्षभर पाला मिळतो.

अंगणवाडीत येणाऱ्या मातांना यांपैकी दोनच गोष्टी सांगितल्या, तरी चालेल. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना मऊ शिजविलेल्या वरण-भातात चमचाभर बारीक केलेली पालेभाजी आणि थोडे तेल किंवा तूप घालावे. वेगळे शिजविण्याची गरज नाही, तिखट घालण्यापूर्वी घरच्याच भांड्यातून काढून घ्यावे. आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे कोणी घरात असतील, तर त्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण पाल्यातील के जीवनसत्त्वाचा त्यांच्या औषधाशी संबंध येतो.